डिकी बेट्सचं नाव कुठे आहे?

‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ हा गिटारवादक ड्वेन ऑलमनचा अल्बम, हे लेखातलं वाक्य खटकलं. अल्बम आहे ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ या अख्ख्या अमेरिकी रॉक बँडचा. ड्वेनच्या स्लाइडबद्दल (तारांवर नळी सरकवत गिटार वाजवण्याबद्दल) दुमत नाहीच, पण बँडमधल्या दुसऱ्या गिटारवादकाचा, डिकी बेट्सचा, साधा उल्लेखही नसावा? ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ ही अल्बममधली रचनाच मुळी बेट्सची. सुरुवातीला गिटारचा व्हॉल्यूम हलकेच चढवत तो व्हायोलिनसारखे सूर काढतो. काय गोड वाजलंय ते! पहिला सोलोही त्याचाच, मग ड्वेनचा भाऊ ग्रेगचा ऑर्गन आणि त्यानंतर ड्वेन. एकदा हेडफोन लावून ऐकाच.

ऑक्टोबर १९७१मध्ये ड्वेन अपघातात गेला. पुढे बँड उभा राहिला त्यात बेट्सचा वाटा फार मोठा. १९७३चं बँडचं गाणं ‘रॅम्बलिन मॅन’ त्यानंच लिहिलं आणि गायलं. लेखात त्याच्यासाठी एक परिच्छेद तरी हवाच होता.