‘जुनी चौकट तशीच ठेवून पैसे नव्याचे घेतले’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार सर. गॅलरीच्या नव्या सरकत्या दाराखालून पहिल्याच जोराच्या पावसात पाणी हॉलमध्ये आलं, त्याचा घरच्यांना त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहोत.

पण ‘कामचुकारपणा करून जुनी चौकट काढलीच नाही’ असं तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय, ते जिव्हारी लागलं. माप घ्यायला मी स्वतः आलो होतो, पोरांना पाठवलं नव्हतं. दोन्ही पद्धती तेव्हाच सांगितल्या. जुनी चौकट काढायची तर कडेचं प्लास्टर फुटतं, ग्रॅनाइटची पट्टी तडकू शकते, मग गवंडी, पुट्टी, रंग सगळं आलं. जुनीच्या आत नवी बसवली तर तोडफोड नाही, पण दोन्ही बाजूंनी मिळून तीनेक इंच रुंदी जाते आणि जुन्या चौकटीखालचा सांधा आहे तसाच राहतो. ‘आत्ताच रंग दिलाय, साखरपुडा तोंडावर आलाय, भिंतीला हात लावू नका’ हे तुम्हीच म्हणालात. कोटेशनवर ‘जुनी चौकट ठेवून’ असं लिहिलंय, खाली तुमची सही आहे. दरही त्याच हिशेबाने लावला. गवंडीकामाचा एक रुपया त्यात नाही.

आता पाणी. तुमचा अभिप्राय वाचल्यावर येऊन गॅलरीत पाइप लावून पाहिलं, तेव्हा तुम्ही घरीच होता. नव्या ट्रॅकची भोकं मोकळी होती, पाणी बाहेर पडत होतं. ओल दिसली ती जुन्या अॅल्युमिनियमच्या पट्टीखाली. तिथल्या ग्रॅनाइटचा उतार बाहेर हवा, तो घराकडे आहे. बांधकामापासूनच तसा आहे, आम्ही केलेला नाही. त्यात गॅलरी पश्चिमेची, वर छप्पर नाही. पुण्यात जून-जुलैची झड सरळ दारावरच येते. बाहेरून सिलिकॉन भरून दिलं होतं आणि चोवीस तास पाणी लागू देऊ नका, असं कारागीर बजावून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी येऊन बघतो तर गॅलरी स्वच्छ धुतलेली, आणि कोपऱ्यातलं सिलिकॉन बोटाला लागत होतं. तेव्हा मी काही बोललो नाही, समारंभाचं घर होतं. अभिप्रायात हे कुठेच नाही म्हणून लिहावं लागलं.

आमच्याकडची बरीचशी कामं हे अभिप्राय वाचूनच येतात, सर. लिहिण्याआधी एक फोन केला असता तरी मी आलो असतो.

यापुढे दोन्ही पद्धती गिऱ्हाइकाला आणखी नीट समजावून सांगू, तशी काहीतरी व्यवस्था करतो आहोत. तुमचं म्हणाल तर पाऊस उघडला की उंबऱ्याचा ग्रॅनाइट काढून उतार बाहेर करून देऊ. मजुरी घेणार नाही, दगडाचे पैसे मात्र द्यावे लागतील. तोवर आतून सिलिकॉन मारून बुजवू नका, पाणी अडून प्लास्टरमध्ये शिरेल. रविवार सोडून कधीही फोन करा.