धुळे ते पनामा, व्हाया भुषा

पनामा आणि कोलंबिया या दोन देशांच्या मधे शंभरेक किलोमीटरचं जंगल आणि दलदल आहे. दारियेन गॅप म्हणतात त्याला. अलास्कातून निघालेला रस्ता तिथे येऊन संपतो तो थेट पलीकडे उगवतो. मधल्या टप्प्यात मोटरसायकली बोटीतून न्याव्या लागतात. धुळ्याच्या माणसाला ही माहिती असण्याचं काही कारण नाही. पण मला आहे, कारण वयाच्या बावन्नाव्या वर्षी मला मोटरसायकलवरून जग बघायचंय. गाडी २००६ची स्प्लेंडर.

पनामा लांब राहिला, आपल्याला तर पहिल्याच पावलाला समुद्र आडवा. गाडी मुंबईहून जहाजाने दुबईला, शारजाहून पुन्हा बोटीने इराणच्या बंदर अब्बासला, आणि तिथून पुढे रस्ता. त्यासाठी 'कार्ने' नावाचं एक पुस्तक लागतं. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे. देशात शिरताना कस्टमवाले एक फाडतात, बाहेर पडताना दुसरा, तिसरा शिक्के घेऊन पुस्तकात राहतो. तुम्ही गाडी त्या देशात विकून परत येणार नाही याची ही हमी, आणि तिच्यापोटी बँकेतही हमी ठेवायची. माझ्या गाडीला आमचा भंगारवाला नऊ हजाराच्या वर जात नाही. तिच्यावर इराणमधे कोण डोळा ठेवणार, देव जाणे.

हे सगळं मी बायकोला समजावलं. तिने 'कार्ने'चं 'करनी' ऐकलं.

"करनी? कोनी करी?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. वांग्याचं भरीत घोटता घोटता तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमले पोहता येस नही, अन् गाडीले काबर पानीमा लई जाई राहिनात?"

प्रश्न बिनतोड होता. म्हणून आधी रंगीत तालीम करायची ठरली.

खान्देशात परदेश नसला तरी परप्रांत आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर टोकाला नर्मदा चोपन्न किलोमीटर सीमेवरून वाहते. समोरच्या काठावर कुठे मध्य प्रदेश, कुठे गुजरात. सरदार सरोवराचं पाणी आत शिरल्यापासून तिथल्या गावांचा रस्ता म्हणजे बोटच. मे महिन्यातल्या एका पहाटे कळण्याची भाकरी, ठेचा आणि कागदांची फाइल घेऊन निघालो. शहादा, म्हसावद, मग सातपुड्याचा घाट, धडगाव, आणि तिथून खाली भुषा.

धरण भरलं की पाणी १३८.६८ मीटरला असतं म्हणतात. मी पोचलो तेव्हा ते बरंच खाली गेलं होतं आणि माझ्या आणि पाण्याच्या मधे वाळलेल्या गाळाची उतरण होती. गाळ वरून वाळलेला. आतून नाही, हे पुढचं चाक अर्धं रुतल्यावर कळलं.

तालीम म्हणजे तालीम. जहाजात चढवायच्या गाडीत पेट्रोल जवळजवळ नको, बॅटरीची वायर सुटी हवी. मी काठावर बसून कार्ब्युरेटरची नळी काढली, पेट्रोल कॅनमधे उतरवलं आणि कॅन चहाच्या टपरीवर ठेवायला दिला. दहा नंबरचा पाना लावून बॅटरी सोडवली. आरशांना फडकी गुंडाळली. गाडी चौबाजूंनी ताणून बांधायची, पुढचे शॉकॲब्जॉर्बर अर्धे दाबायचे, म्हणून रॅचेटचे चार नवे पट्टे आणले होते. हे सगळं नाववाला बिडी ओढत बघत होता.

"दादा, गाडी बिघडली का?"

"नाही. बोटीत न्यायचीय."

"मग सोडतो कशाला? तशीच चढव ना."

त्याने आणि एका पोराने फळी टाकली, एकाने हँडल धरलं, दुसऱ्याने मागून रेटा दिला. गाडी आत. माझे पट्टे हातातच. बोटीला पट्टा अडकवायला एक कडी नव्हती. गाडी इंजिनाच्या खोक्याला टेकवून उभी केली आणि चाकाखाली आमचुराचं पोतं सरकवलं. झालं पॅकिंग. मग माणसं चढली. एक म्हातारी माझ्या सीटवर आडवी बसली आणि तिने बकरीचं दावं हँडलला बांधलं. आणखी दोन मोटरसायकली आल्या. त्यांच्या मालकांकडे ना पट्टे ना फडकी. एकाच्या गाडीचं इंजिन तर बोट सुटेपर्यंत चालूच होतं.

डिझेल इंजिनाच्या धडधडीत मी एकटा गाडी धरून उभा होतो. बाकीचे मला धरून. बकरीने एका आरशाचं फडकं खाल्लं.

पलीकडे उतरलो. म्हणजे गाडी उतरली, मी फळीवरून घोटाभर चिखलात. त्या दोघांनी किक मारली आणि चढ चढून गेलेसुद्धा. मी बॅटरी जोडली, किक मारली. पुन्हा मारली. अकराव्या किकला नळी आठवली, बाराव्याला टपरीवरचा कॅन. तो महाराष्ट्रात होता.

नाववाल्याने कोणाला तरी हाक मारली. वरच्या झोपडीतून एक पोरगं पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊन आलं. त्याने सांगितलेले पैसे मी घासाघीस न करता दिले, परराज्यातला प्रवासी म्हणून. टाकीचं झाकण उघडून त्याने आत बघितलं, बाटली बघितली आणि मला विचारलं,

"कागद आहे का?"

छाती भरून आली. एवढ्या तयारीनंतर कोणीतरी विचारलं! मी फाइल उघडली. आरसी, विमा, पीयूसी, चासी नंबरचा फोटो, आणि सगळ्यात वर कार्नेचा कोरा अर्ज, चांगल्या जाड कागदावर प्रिंट काढलेला.

पोराने वरचाच घेतला, अंगठ्याने जाडी बघितली, त्याचं झकास नरसाळं केलं आणि टाकीत खोचलं.