फरक कळला नाही म्हणजे हवं तेवढं खा, असं होत नाही

घरच्या ग्रुपवर बरेच दिवस फिरणारा एक मेसेज अखेर माझ्या आत्यापर्यंत पोचला. आत्याला मधुमेह आहे. मेसेज वाचून तिने 'फॅट-फ्री' लिहिलेल्या डेझर्टचा मोठा डबा आणला आणि रोज जेवणानंतर वाटीभर खायला सुरुवात केली. का, तर 'चव चाचणीत सिद्ध झालंय'. खाद्यपदार्थांच्या चव चाचण्या घेणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्या कामाच्या नावाने घरातल्या आजारी माणसाला असं काही सांगितलं जात असेल, तर मला गप्प बसता येत नाही.

ज्यांच्याकडे तो मेसेज आलेला नाही त्यांच्यासाठी त्यातले दावे थोडक्यात देते. एक, डोळे बांधून घेतलेल्या चाचणीत १० पैकी ८ जणांना खरं फॅट आणि फॅटचा पर्याय यातला फरक ओळखता आला नाही, म्हणजे दोन्ही सारखेच. दोन, फॅटला स्वतःची चव नसते, 'तुपकट मजा' हा मनाचा खेळ आहे. तीन, अशा पदार्थांनी पोट बिघडतं ही अफवा अमेरिकेत १९९८ सालीच खोटी ठरली. चार, म्हणून मधुमेही आणि हृदयरोगी यांनी हे पदार्थ निर्धास्त, हवे तेवढे खावेत. पाच, लोक लेबल वाचून नाकं मुरडतात, म्हणून पाकिटावर पर्यायाचं नाव छापूच नये.

चौथ्या मुद्द्यापासून सुरुवात करते. बाकीचे बहुतेक दावे चुकले तर कुणाचं फारसं बिघडत नाही. या दाव्याने माणूस आजारी पडू शकतो.

फॅटच्या जागी नेमकं काय घातलंय, हा साधा प्रश्न त्या मेसेजमध्ये कुठेच नाही. 'फॅटचा पर्याय' या नावाचा एकच पदार्थ नसतो. ऑलेस्ट्रा हा एक पर्याय: साखरेच्या रेणूला सहा ते आठ फॅटी ॲसिडं जोडून तयार केलेला, आपल्या पचनरसांना न तुटणारा, त्यामुळे कॅलरी न देता शरीराबाहेर पडणारा. सिम्प्लेस हा दुसरा: अंड्याच्या पांढऱ्या बलकातल्या किंवा दुधातल्या प्रथिनांचे अतिसूक्ष्म गोल कण. पण बाजारातल्या कितीतरी 'लो-फॅट' पदार्थांमध्ये यातलं काहीच नसतं. त्यांत असतं मॉल्टोडेक्स्ट्रिन, सुधारित स्टार्च, इन्युलिन-पॉलिडेक्स्ट्रोजसारखे तंतुमय पदार्थ किंवा वेगवेगळे डिंक. म्हणजे कर्बोदकं.

मॉल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चचे लहान तुकडे. पाण्यात मिसळून त्याची मऊसर जेली होते आणि ती जिभेवर फॅटसारखी गुळगुळीत लागते, म्हणून ते वापरतात. ते फारसं गोड लागत नाही, त्यामुळे खाणाऱ्याला आपण साखर वाढवणारं काही खातोय याची जाणीवच होत नाही. आतड्यात मात्र त्याचं झपाट्याने ग्लुकोज होतं. ग्रॅममागे सुमारे ४ कॅलरी. फॅटच्या ९ पेक्षा कमी आहेत, पण शून्य नाहीत. शिवाय फॅटमुळे जेवण पोटातून सावकाश पुढे सरकतं. ते काढलं की कर्बोदकं लवकर पुढे जातात. आणि फॅट कमी केल्यावर स्वाद फिका पडतो, तो भरून काढायला बऱ्याचदा साखर वाढवली जाते. त्यामुळे फॅट-फ्री डेझर्टमध्ये साध्या डेझर्टइतकी, कधी त्याहून जास्त कर्बोदकं असू शकतात. मधुमेह असलेल्या माणसाला 'निर्धास्त खा' म्हणणं हा बेजबाबदारपणा आहे आणि तो चव चाचणीच्या आडून केलेला आहे, याचा मला जास्त संताप येतो. चव चाचणीत आम्ही विचारतो, 'किती आवडलं?' किंवा 'यातला वेगळा कोणता?' तिथे कुणाचं रक्त तपासत नाहीत.

हृदयरोग्यांबद्दल एवढं मान्य करावं लागेल की तूप-लोण्यात असतं तसं संपृक्त फॅट कमी केल्याने रक्तातलं एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हणतात ते कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते. तेवढ्यापुरता पर्यायाचा उपयोग आहे. पण 'हवे तेवढे' हे दोन शब्द जोडले की तो उपयोग संपतो. पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली उंदरांवर केलेला एक प्रयोग आहे. एरवी भरपूर फॅटचं खाणं खाणाऱ्या उंदरांपैकी काहींना सगळे वेफर्स खरे दिले, काहींना कधी खरे तर कधी ऑलेस्ट्राचे. ऑलेस्ट्रा मिळालेल्या उंदरांनी जास्त खाल्लं आणि त्यांचं वजनही जास्त वाढलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मलाही कळतं. पण 'पर्याय आहे, आता मोजायची गरज नाही' असं म्हणणाऱ्याकडे उंदरांवरचा पुरावासुद्धा नाही.

आता तो १० पैकी ८ चा आकडा. कोणता पदार्थ, कोणता पर्याय, चाचणी कुणी घेतली, यातलं काहीच मेसेजमध्ये नाही. तरी आकडा खरा धरून चालू.

फरक ओळखायची सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे त्रिकोणी चाचणी. माणसासमोर तीन नमुने ठेवायचे, दोन एकाच पदार्थाचे, एक वेगळा. प्रत्येकावर तीन आकडी कोड, तोही कसाही निवडलेला, कारण 'अ' किंवा '१' लिहिलं की लोकांना तोच चांगला वाटायला लागतो. नमुन्यांचा क्रम माणसागणिक बदलायचा. रंगात फरक दिसत असेल तर लाल दिवा लावायचा. मधे पाण्याने तोंड धुवायला लावायचं. मग विचारायचं, वेगळा कोणता? काहीही न कळलेला माणूससुद्धा तीनात एकदा बरोबर सांगतोच. म्हणजे दहा जणांनी नुसता अंदाज ठोकला तरी सरासरी तीन-साडेतीन जण बरोबर येणार. मेसेजमधले दोनच बरोबर आले. यातून फरक नाही असं ठरत नाही. दहा माणसांत काही ठरतच नाही, एवढंच कळतं.

हे हिशेबानेच दाखवते. दहा जणांच्या त्रिकोणी चाचणीत फरक आहे असं म्हणायला, नेहमीच्या पाच टक्क्यांच्या निकषावर (म्हणजे नुसत्या अंदाजाने तेवढे बरोबर येण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत हवी), किमान सात जण बरोबर यावे लागतात. आता समजा, खरोखर निम्म्या लोकांना फरक स्वच्छ कळतो आणि उरलेले अंदाज ठोकतात. निम्मे म्हणजे किती मोठा फरक झाला बघा! तरीही अशी चाचणी शंभर वेळा घेतली, तर चव्वेचाळीसेक वेळा सात जण भरणारच नाहीत आणि कागदावर 'फरक आढळला नाही' असंच येईल. म्हणून कामाच्या ठिकाणी दहा जणांवर असा निर्णय कुणी घेत नाही. तीस जण घेतले तर पंधरा बरोबर यावे लागतात. आणि 'दोन्ही सारखे' असा दावा करायचा असेल तर त्याहून पुष्कळ जास्त लोक लागतात, शिवाय किती फरक चालवून घ्यायचा हे आधी ठरवावं लागतं. फरक सापडला नाही आणि फरक नाही, ही दोन वेगळी विधानं आहेत. नव्या मुलांना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवतो.

त्यात एक घास आणि पूर्ण वाटी यांतही अंतर आहे. चाचणीत माणूस चमचाभर खातो. फॅटचं बरंचसं काम त्यानंतर सुरू होतं. ते तोंडात पातळ थर धरतं. वास देणारी पुष्कळ द्रव्यं फॅटमध्ये विरघळलेली असतात आणि ती सावकाश सुटतात. फॅट काढलं की तोच स्वाद पहिल्या क्षणी एकदम येतो आणि लगेच विझतो. पहिल्या चमच्याला म्हणूनच कमी फॅटचा पदार्थ जास्त ठसठशीतही वाटू शकतो, आणि पाचव्या-सहाव्या चमच्याला तोंड कोरडं वाटायला लागतं. घरी नेऊन काही दिवस वापरायच्या चाचण्या वेगळ्या घेतात, त्या याचसाठी.

दुसऱ्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. शुद्ध फॅट जिभेला गोड-खारट लागत नाही, हे खरं. पण सुटी फॅटी ॲसिडं तोंडाला जाणवतात, यावर संशोधन आहे. आणि स्पर्श म्हणजे मनाचा खेळ नव्हे. सिम्प्लेसचे कण सुमारे एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे ठेवावे लागतात ते उगाच नाही. एवढ्या बारीक कणांचा जिभेला साय लागल्यासारखा भास होतो; ते पुरेसे मोठे झाले की तोच पदार्थ पिठूळ लागतो. मनाचाच खेळ असता तर कणांचा आकार कुणी मोजला नसता.

आता १९९८. इथे मेसेज लिहिणाऱ्याने खरा अभ्यास हाताशी घेतलाय आणि म्हणूनच मला तो जास्त खटकतो. हा अभ्यास त्या वर्षी जानेवारीत 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑलेस्ट्रा बनवणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलचे लोक त्याच्या लेखकांत होते. शिकागोजवळच्या एका चित्रपटगृहात १३ ते ८८ वयाच्या हजाराहून जास्त लोकांना फुकट सिनेमा दाखवला आणि प्रत्येकाला बटाट्याच्या वेफर्सचं मोठं पाकीट दिलं. काहींचे वेफर्स साध्या तेलात तळलेले, काहींचे ऑलेस्ट्रात. कुणाला काय मिळालं हे खाणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. नंतर पोटाच्या तक्रारी विचारल्या: साध्या वेफर्सवाल्यांत १७.६ टक्के, ऑलेस्ट्रावाल्यांत १५.८ टक्के. म्हणजे एका बैठकीपुरती तक्रार वाढली नाही, हे मला मान्य करावं लागतं. पुढच्या वर्षी तीन हजारांवर लोकांचा सहा आठवड्यांचा अभ्यास आला. त्यातही तक्रारींत मोठा फरक नव्हता, शौचाला जाण्याचं प्रमाण थोडं वाढलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९६ साली ऑलेस्ट्राला परवानगी देताना पोटात कळा आणि पातळ शौचाची सूचना पाकिटावर सक्तीची केली होती, ती २००३ साली काढून टाकली. भयंकर जुलाब होतातच, असं सांगत फिरणारेही चूकच होते.

पण त्याच १९९८ च्या अभ्यासात पुढे काय आहे ते मेसेजमध्ये का नाही? चवीला नऊ गुणांच्या मोजपट्टीवर गुण द्यायला सांगितले होते. साध्या वेफर्सना सरासरी ६.४, ऑलेस्ट्राच्या वेफर्सना ५.६. साधे वेफर्स लोकांनी ७७ ग्रॅम खाल्ले, ऑलेस्ट्राचे ६० ग्रॅम. पाकिटात काय आहे हे माहीत नसताना! आणि दहा माणसांत नाही, हजारांत. 'कुणाला फरक कळत नाही' हा पहिला दावा तिसऱ्या दाव्याच्या पुराव्यानेच मोडतो. शिवाय लोकांनी ऑलेस्ट्राचे वेफर्स कमी खाल्ले असताना तक्रारींची तुलना झालेली आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. अर्धा अभ्यास वाचून पुढे पाठवणाऱ्याने उरलेला अर्धा वाचायचे कष्ट घ्यायला हवे होते.

आणि हा अभ्यास ऑलेस्ट्राचा आहे, तोही वेफर्सचा. इन्युलिन जास्त खाल्लं तर बऱ्याच जणांना गॅस होतो, त्याबद्दल या अभ्यासातून काहीही कळत नाही. ऑलेस्ट्रा तर अ, ड, ई आणि के ही फॅटमध्ये विरघळणारी जीवनसत्त्वं सोबत घेऊन बाहेर पडतं, म्हणून ती वरून घालावी लागली. कॅनडाने २००० साली त्याला परवानगी नाकारली.

राहिला लेबलचा मुद्दा. नाइलाजाने सांगते, यात तथ्य आहे. आरोग्याला चांगलं म्हटलं की लोक त्याच पदार्थाला चवीचे गुण कमी देतात. २००६ साली 'जर्नल ऑफ मार्केटिंग'मध्ये रघुनाथन, नेलर आणि हॉयर यांनी हेच दाखवलं होतं: जे अपायकारक ते चविष्ट, असं माणसं मनातल्या मनात धरून चालतात. मॅकडोनाल्ड्सने १९९१ साली अमेरिकेत समुद्री शैवालातला कॅरगीनन आणि पाणी घालून कमी फॅटचा 'मॅकलीन डिलक्स' बर्गर आणला, तो १९९६ साली बंद करावा लागला. 'लीन' (म्हणजे कमी चरबीचं) हे नावच त्याला भोवलं असेल, हे मी नाकारत नाही.

म्हणून नाव लपवायचं? सिम्प्लेसमध्ये अंडं किंवा दूध असतं. अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईने काय वाचायचं? इन्युलिनने ज्याचं पोट फुगतं त्याने काय बघायचं? मॉल्टोडेक्स्ट्रिन मधुमेह्याला दिसणार कुठे? चाचणीच्या खोलीत आम्ही नाव झाकतो ते एका घासापुरतं, तेही आत काय असू शकतं आणि कशाची ॲलर्जी आहे हे आधी विचारून, लेखी संमती घेऊन. दुकानात अशी संमती कुणी घेत नाही.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांनी त्यासोबत पर्यायाचं नाव, नमुन्यांची संख्या, विचारलेला प्रश्न आणि एका वाटीतली एकूण कर्बोदकं एवढं लिहावं. शेवटचा आकडा पाकिटामागच्या तक्त्यावरून काढता येतो.