कांदा सोडायला सांगितला, परत आणायचं सांगायचं राहिलं

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. तुम्ही म्हणता, दुखऱ्या पोटासाठी काही पदार्थ बंद ठेवण्याच्या आहारावरचा माझा लेख वाचून आईंनी आधी कांदा-लसूण सोडला, मग गहू, मग दूध, मग मुगाशिवाय बाकी सगळ्या डाळी. तीन महिने त्या मऊ भात, मुगाचं वरण आणि ताक एवढ्यावरच आहेत. पोट अजून दुखतंच आणि वजन पाच किलोंनी उतरलं. "परदेशातली खुळं आणून तुम्ही लोकांना जेवणाची भीती घालता," हे तुमचं वाक्य मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे. त्या लेखात काय बंद करायचं यावर मी पानभर लिहिलं आणि परत सुरू करण्यावर दोन ओळी. चूक माझी आहे.

पण आधी आईंबद्दल. वजन कमी खाण्यामुळे उतरलं असं तुम्ही धरलंय. तसं असेलही, पण धरून चालू नका. नुसत्या आयबीएसने, म्हणजे तपासणीत बिघाड दिसत नसताना पोट वारंवार दुखण्याच्या-बिघडण्याच्या विकाराने, वजन उतरत नाही, शौचावाटे रक्त जात नाही, हिमोग्लोबिन घसरत नाही, जुलाबासाठी झोपेतून उठावं लागत नाही. यातलं काहीही दिसलं तर आधी तपासण्या, आहाराचं नंतर. त्यांचं वय अठ्ठावन्न आहे आणि आपल्याकडे आतड्याचा क्षयही आढळतो. याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. आणि गहू तीन महिने बंद आहे हे आवर्जून सांगा. गहू बंद असताना सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची, रक्ततपासणी आजार असूनही स्वच्छ येऊ शकते.

आता पद्धतीबद्दल. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात बांधलेल्या या आहाराला लो फॉडमॅप म्हणतात. लहान आतड्यात नीट शोषल्या न जाणाऱ्या काही साखरा आणि तंतू पाणी ओढून घेतात आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू करतात. कांदा, लसूण, गव्हातलं फ्रुक्टान, दुधातलं लॅक्टोज, छोले-राजम्यातले गॅलॅक्टन, आंबा आणि मधातलं जादा फ्रुक्टोज, फ्लॉवर आणि मशरूममधलं मॅनिटॉल, हे ते पदार्थ. वायू निरोगी माणसालाही होतो. आयबीएसमध्ये आतडं जास्त हळवं असतं, म्हणून तेवढ्याच फुगण्याने कळ येते. म्हणजे हे पदार्थ वाईट नाहीत, आणि हीच गोष्ट माझ्या लेखातून पोचली नाही. कांद्या-गव्हातलं फ्रुक्टान तर आतड्यातल्या चांगल्या जिवाणूंचं खाद्य आहे. म्हणून बंद ठेवायचा काळ दोन ते सहा आठवडे, त्याहून जास्त नाही. त्यानेही फरक पडला नाही तर कारण या पदार्थांत नाही असं समजायचं आणि जेवण पूर्ववत करायचं. आणखी पदार्थ कमी करत जायचं नाही. आईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

"कांदा शिजवला की पचतो" हे तुमचं म्हणणं मात्र मला मान्य नाही. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं. रश्श्यात शिजलेल्या कांद्याच्या फोडी बाजूला काढल्या तरी ते रश्श्यातच राहतं. तेलात ते उतरत नाही. म्हणून फोडणीत लसूण परतून, पाणी घालायच्या आधी पाकळ्या काढून टाकल्या तर चव राहते आणि त्रास टळतो. कांद्याच्या पातीचा हिरवा भागही बहुतेकांना चालतो.

आणि हे खूळ परदेशी तरी कसं म्हणायचं? कांदेनवमीला भजी-थालीपिठांवर ताव मारून चातुर्मासात कांदा-लसूण बंद करणारी घरं आपल्याकडे आहेतच. "उपासाला पोट हलकं वाटतं" असं म्हणणारी माणसंही आहेत. साबुदाणा, बटाटा, दाण्याचा कूट, तूप, जिरं यांत कांदा नाही, गहू नाही, डाळ नाही. फक्त उपास करणारा कधी वेगवेगळं करून बघत नाही की आराम नेमका कशाने पडला.

माझंच सांगते. मी दीड वर्ष पोळी बंद केली होती. रात्री पोळी खाल्ली की अर्ध्या तासात पोट दुखायचं, म्हणून दोष पोळीवर. पण फ्रुक्टान मोठ्या आतड्यात पोचायला काही तास लागतात. जेवल्या जेवल्या येणारी कळ बहुतेक वेळा जेवणाने आतडं हलू लागल्यामुळे येते, आणि तेव्हा तिथे दुपारचं जेवण असतं. वहीत वेळेसकट लिहायला लागले तेव्हा दिसलं, दुखण्याच्या दिवशी दुपारी उसळीत कांदा-लसणाचं वाटण होतं. दोन पोळ्या मला बिनघोर चालतात. दीड वर्ष विनाकारण सोडल्या.

म्हणून परत आणणं हाच खरा शोध आहे. आईंच्या तपासण्या स्वच्छ आल्या की आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने एका वेळी एकच पदार्थ घ्यायचा. पहिल्या दिवशी थोडा, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढवत न्यायचा, नंतर दोन-तीन दिवस विश्रांती. बाकी जेवण तसंच ठेवायचं. दूध तपासायचं तर नुसतं दूध, चहातून नको, कारण चहा स्वतःच पोट हलवतो. गहू आणि कांदा दोन्हींत फ्रुक्टान असलं तरी वेगवेगळे तपासायचे. एक चालतो, दुसरा नाही, असं पुष्कळांचं होतं. मिसळ, वडापाव, पनीर टिक्का यांनी काही कळणार नाही. तेल, तिखट, कांदा एकत्र आले की दोष कुणाला द्यायचा? त्रास झाला तरी पदार्थ कायमचा बाद नाही. चमचाभर चालतो का, हे नंतर बघायचं.

तुम्ही विचारलेली रक्ताची "फूड इनटॉलरन्स" तपासणी करू नका. त्यात मोजलेलं आयजीजी (रक्तातलं एक प्रतिपिंड) तो पदार्थ तुम्ही खाता एवढंच दाखवतं. अहवालात पाचपन्नास पदार्थ लाल येतील आणि आईंच्या ताटातलं उरलंसुरलंही जाईल.

मूळ लेखात परत आणण्याचा भाग आजच वर घेते आहे, आणि वजन-रक्ताची सूचना पहिल्या परिच्छेदात. डॉक्टर काय म्हणाले ते जरूर कळवा. आणि आईंना पूर्वी सगळ्यात जास्त काय आवडायचं तेही कळवा. सगळं स्वच्छ निघालं तर पहिली चाचणी त्याच पदार्थाची घेता येते का ते पाहू.