उर्दू कथेत देश 1936 साली आला?

"उर्दू कथेत स्वातंत्र्याचा विचार आणला तो 1936 च्या प्रगतिशील लेखकांनी. त्याआधी नुसते नवाब आणि इश्क. लेखक सरकारचे नोकर, आणि सगळा मामला मुसलमानांपुरता." असा मजकूर बराच फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

आधी 1936 चे बघू. प्रगतिशील लेखक संघाच्या लखनौच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्ष होते प्रेमचंद. त्यांचा 'सोज़-ए-वतन' हा उर्दू कथासंग्रह 1908 साली, म्हणजे 28 वर्षे आधी, 'नवाबराय' या नावाने कानपूरच्या ज़माना प्रेसमधून निघाला होता.

'नुसता इश्क' या आक्षेपाला याच संग्रहात उत्तर आहे. 'दुनिया का सबसे अनमोल रतन' या कथेचा सांगाडा थेट जुन्या दास्तानीचा, म्हणजे अद्भुत प्रेम-पराक्रमकथेचा. प्रेयसी दिलफ़रेब प्रियकर दिलफ़िगारला सांगते, जगातली सगळ्यांत अनमोल वस्तू आण. तो आधी फाशी जाणाऱ्या गुन्हेगाराचा अश्रू आणतो, मग सतीची राख. दोन्ही नाकारल्या जातात. शेवटी रणांगणावर पडलेल्या राजपुताच्या, देशासाठी सांडलेल्या रक्ताचा अखेरचा थेंब तो आणतो आणि तो पसंत पडतो. इश्क इथे आहेच, पण प्रेयसीच्या तोंडून देश मागितला जातो. वाचकाच्या ओळखीच्या साच्यात नवा विचार घालण्याची ही ताकद मला नंतरच्या कितीतरी घोषणाबाज कथांपेक्षा मोठी वाटते. सरकारला तर ती लगेच कळली. शिक्षण खात्यात नोकरी करणाऱ्या लेखकाला कलेक्टरने बोलावून घेतले आणि उरलेल्या सुमारे 700 प्रती जाळल्या गेल्या. यापुढे काहीही छापण्याआधी दाखवायचे, अशी ताकीदही मिळाली. त्यानंतर नवाबरायचा प्रेमचंद झाला.

सरकारी नोकरीचा मुद्दा अर्धा खरा आहे. उर्दू कादंबरीकार डेप्युटी नज़ीर अहमद सरकारी अधिकारी होते, इंग्रजी राज्य त्यांना हितकारक वाटे. त्यांना राष्ट्रवादी म्हणणे ओढूनताणून होईल. तरी त्यांच्या 1888 च्या 'इब्न-उल-वक़्त' कादंबरीमध्ये 1857 साली एका साहेबाचा जीव वाचवणारा नायक साहेबी थाटात राहू लागतो, आणि पुढे आलेल्या शार्प साहेबाला तेच खपत नाही. इंग्रजांची कितीही नक्कल केली तरी बरोबरीची खुर्ची मिळत नाही, हे या कादंबरीत स्पष्ट दिसते. राजनिष्ठ माणसाच्या लेखणीतून आलेली ही साक्ष म्हणूनच मोलाची.

आणि 'मुसलमानांपुरता मामला'? 'फ़साना-ए-आज़ाद' ही उर्दू कादंबरी लिहिणारे रतननाथ सरशार काश्मिरी पंडित, ती क्रमशः छापणारे 'अवध अख़बार' मुन्शी नवलकिशोरांचे, 'ज़माना' मासिकाचे संपादक दयानारायण निगम. 'सोज़-ए-वतन'मधली एक कथा तर इटलीचा स्वातंत्र्यनेता मॅझिनी याच्यावर आहे. सावरकरांचे मॅझिनीवरचे मराठी पुस्तक 1907 चे, ही कथा 1908 ची. मराठी वाचकाला त्या काळच्या मॅझिनीच्या ओढीबद्दल वेगळे सांगायला नको. ती कानपूरच्या उर्दूतही तितकीच होती.