धातू-अधातूचा नियम कुठवर चालतो?

नमस्कार. संयुगांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. धातू आणि अधातू एकत्र आले की संयुग आयनिक (धन-ऋण प्रभार असलेल्या कणांचं, म्हणजे आयनांचं), नुसतेच अधातू असले की रेण्वीय (सुट्या रेणूंचं), असा सोपा नियम हाताशी असताना मी अपवाद सांगून मुलांना गोंधळात टाकलं, असं तुमचं म्हणणं आहे. दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला (इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या क्षमतेतला) फरक १.७ पेक्षा जास्त असला की संयुग आयनिक, एवढं पाहिलं की काम भागतं, आणि हायड्रोजन क्लोराइडला रेण्वीय म्हणणं ही तर सरळ चूक, असंही तुम्ही लिहिलंत. शेवटी अमोनिअम क्लोराइडबद्दल एक प्रश्न विचारलात.

नियम मलाही हवा आहे. संयुगाचं नाव लिहिताना तो लगेच उपयोगी पडतो: कॅल्शिअम क्लोराइडला 'डाय' लावत नाहीत, फॉस्फरस ट्रायक्लोराइडला मात्र 'ट्राय' लागतो. पण हा नियम सूत्र बघून बांधलेला अंदाज आहे. पदार्थात प्रत्यक्ष काय आहे, सुटे रेणू की धन-ऋण आयनांची जाळी, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

ॲल्युमिनिअम क्लोराइडच घ्या. धातू आहे, अधातू आहे, म्हणजे नियमाप्रमाणे आयनिक. मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. ॲल्युमिनिअम क्लोराइड मात्र १८० अंशांच्या आसपासच संप्लवन पावतो, म्हणजे न वितळता थेट वाफ होतो, आणि त्या वाफेत दोन ॲल्युमिनिअम, सहा क्लोरीन असे जोडरेणू असतात. दाबाखाली वितळवला तरी तो द्रव वीज जेमतेमच वाहून नेतो. स्टॅनिक क्लोराइड (कथिलाचं क्लोराइड) तर खोलीच्या तापमानालाच द्रव असतं आणि ११४ अंशांना उकळतं. धातू असूनही असं का? धन आयन लहान आणि त्यावरचा प्रभार मोठा असला की तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन-मेघ स्वतःकडे ओढून घेतो आणि बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, होत जातो. रसायनशास्त्रज्ञ फायान्स यांनी १९२३ मध्ये हेच मांडलं. तरी घनरूपातल्या ॲल्युमिनिअम क्लोराइडला मी सरसकट रेण्वीय म्हणणार नाही. तिथे थरांची जाळी असते, सुटे रेणू नसतात. एकच पदार्थ अवस्था बदलली की वेगळा वागतो, हे मला या विषयातलं सगळ्यात सुंदर प्रकरण वाटतं आणि ते मुलांपासून लपवू नये असं मनापासून वाटतं.

१.७ च्या आकड्याचं थोडक्यात सांगतो. हायड्रोजन फ्लुओराइडमध्ये फरक १.७८ आहे, तरी ते रेण्वीय आहे आणि २० अंशांच्या आतच उकळतं. सोडिअम हायड्राइडमध्ये फरक जेमतेम १.२७, आणि ते आयनिक.

हायड्रोजन क्लोराइडबाबत मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. शून्याखाली ८५ अंशांना उकळणारा हा पदार्थ आहे. थंड करून द्रव केला तर त्यातून वीज वाहत नाही. टोल्युइन या सेंद्रिय द्रवात विरघळवला तरी नाही. पाण्यात वाहते, कारण तिथे तो आपला प्रोटॉन पाण्याच्या रेणूला देतो आणि हायड्रोनिअम व क्लोराइड आयन तयार होतात. ते आयन आधीपासून नव्हते, पाण्याशी झालेल्या अभिक्रियेतून आले. मिठाचे आयन स्फटिकातच असतात, पाणी त्यांना फक्त सुटं करतं. म्हणूनच लेखात मी द्रावणापेक्षा वितळलेल्या पदार्थातून वीज वाहते का, ही कसोटी पुढे केली होती.

आणि तिथेच तुम्ही मला पकडलंत. 'वितळवून पाहा' असं सगळ्यांसाठी लिहिलंत, मग अमोनिअम क्लोराइड कसं वितळवणार, हा तुमचा प्रश्न बिनतोड आहे. त्यात एकही धातू नाही, तरी ते आयनिक आहे. पण साध्या दाबाखाली तापवलं की वितळण्याआधीच त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. तिथे ही कसोटी लावताच येत नाही. अमोनिअमसारखं संमिश्र मूलक (अनेक अणूंचा मिळून बनलेला आयन) सूत्रात ओळखता यावं लागतं. लेखातलं 'प्रत्येक संयुगाला' हे आता 'न फुटता वितळणाऱ्या संयुगांना' असं केलं आहे आणि मूलकांचा परिच्छेद त्याच्या आधी आणला आहे.