तपासणीची गरज नाही, असं कसं म्हणता?

‘ऑटिझमचं निदान वागण्यावरूनच होतं, रक्ततपासणीची गरज नसते’ हे तुमच्या ऑटिझमवरच्या लेखातलं वाक्य फार खटकलं. फेनिलकीटोन्यूरिया, म्हणजे पीकेयू हा जन्मजात आजार असलेल्या मुलावर उपचार झाले नाहीत, तर तेही नजरेला नजर देत नाही, हात झटकत राहतं, बोलत नाही. मूळ मात्र यकृतात असतं. अन्नातल्या प्रथिनांमधून येणाऱ्या फेनिलॲलनिन या घटकाचं टायरोसिन या दुसऱ्या घटकात रूपांतर करणारं एन्झाइम तिथे चालत नाही आणि साठलेलं फेनिलॲलनिन मेंदूला इजा करतं.

माझ्या भाच्यावर ऑटिझमचा शिक्का बसला होता, निघाला मात्र पीकेयू. घरात सगळ्यांचे केस काळेभोर, त्याचे पिंगट. लंगोटाला कुबट, उंदरासारखा वास यायचा. ताई प्रत्येक डॉक्टरांना सांगायची, कुणी मनावर घेतलं नाही. अहो, १९३४ साली नॉर्वेत डॉक्टर फोलिंग यांना हा आजार सापडला तोच मुलांच्या अशा वासाची तक्रार करणाऱ्या एका आईमुळे! आता दूध-डाळ बंद, भातसुद्धा वजनकाट्यावर मोजून, प्रथिनांसाठी वेगळी पावडर. बोलणं फारसं आलं नाही, पण डोकं आपटणं थांबलंय, रात्री झोपतो. जन्मल्यावर टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरूनही हे कळलं असतं. कृपया ते वाक्य बदला, आईबाप त्यावर विसंबून राहतात.